गरमी लिहिलेली चिठ्ठी

कोरगावची शेवंतीबाय गोव्यातल्या साखळी गावच्या एका छोट्या लॅबमध्ये एकवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली आहे. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा नमुना काचपट्टीवर येतो, ती तो रंगवते आणि वाचते. 'वाचते' हा तिचाच शब्द. निळे ठिपके, नारिंगी-हिरव्या पेशी आणि त्यांत जंतूंची ही गर्दी! त्यातले घरचे कोण नि घुसखोर कोण हे ओळखणं म्हणजे खायचं काम नाही. बाजारात मासळीसुद्धा ती असाच एक डोळा मिटून बघते, म्हणून लेक सेजल तिच्याबरोबर जायला लाजते.

गेल्या महिन्यात रंजनाची काचपट्टी आली. रंजना गडहिंग्लजकडची, नवरा धोंडिबा डिचोलीला कारखान्यात. आरोग्य शिबिरात नमुना देताना तिने नर्सला सांगितलं, खाज सुटते, पांढरं जातं, अंगात कडकी झालीय. आता आमच्या गोव्यात कडकी खिशाला होते, अंगाला कशी होईल? नर्स गोंधळली. बाई उष्णता म्हणतेय हे कळल्यावर तिने चिठ्ठीवर ठसठशीत 'गरमी' लिहिलं नि मोकळी झाली. ती चिठ्ठी पडली धोंडिबाच्या हाती. त्याच्या गावात गरमी म्हणजे बाहेरख्यालीपणाचा रोग. झालं! आठ दिवस गडी बायकोशी अवाक्षर बोलला नाही. तिला माहेरी पोचवायचं ठरवूनच तो रिपोर्ट न्यायला एकटा हजर झाला.

"गरमी हाय का नाय, येवढंच सांगा," तो म्हणाला.

तेव्हा कुठे चिठ्ठीतल्या त्या एका शब्दाने केलेला घोळ शेवंतीबायच्या ध्यानात आला, आणि तिला रागही आला. ज्या बाईचा रिपोर्ट तिच्याच हातात देईन, असं तिने ठणकावलं. तो कुरकुरत गेला. तिने काचपट्टी पुन्हा लावली. लालसर धाग्यात पेशी ओवलेल्या, अगदी आबोलीचा वळेसर, गजराच म्हणा ना. साधी बुरशी! राखण करणारे घरचे जंतू मात्र जवळजवळ गायब. लॅबच्या डॉक्टर मनीषांनीही बघून सही केली.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. नवऱ्यासमोर सांगू का, असं शेवंतीबायने आधी विचारलं. रंजनाने होकारार्थी मान हलवली. मग शेवंतीबायने समजावलं, की ही बुरशी कुठल्याही बाईला होते, बाहेरून कुणी आणावी लागत नाही. जंतू मारायच्या गोळ्या घेतल्या तर राखणदार मरतात आणि बुरशीचं फावतं. हल्ली घेतल्या होत्यास का?

दाढ दुखत होती तेव्हा घेतल्या, रंजना म्हणाली.

"आणल्या कुणी?"

धोंडिबा फरशीकडे बघत राहिला. "म्याच की. चार दिस जेवली नव्हती. बघवंना मला."

शेवंतीबायचा राग कुठल्या कुठे गेला. रंजनाने रिपोर्टची घडी करून पिशवीत ठेवली.

"आठ दिस गप बसलायसा," ती नवऱ्याला म्हणाली. "आता डिचोलीपतोर बोलत चला."

आणि तो बिचारा लॅबच्या पायरीवरच सुरू झाला.