नुसते गाल

चिंचेनं पितळ घासलं की त्या वासानं मी थेट रोह्याच्या शाळेत जातो. बँडच्या सरांचा निरोप समारंभ होता आणि एकट्यानं बिगुल वाजवायला सरांनीच माझं नाव घेतलं. घरीही कधी बोललो नाही, पण पाचवीपासून मी बँडमध्ये नुसते गाल फुगवत होतो. वाजवायची बाकीची पोरं. घाबरून मी सरांच्या कानात खरं सांगून टाकलं. ते हसले. "मला काय ठाऊक नाय व्हय? तुझी पावलं तालात पडतात, म्हणून पुढं ठेवला. आता फुंक!" फुंकलं. रेडा रेकल्यासारखा आवाज निघाला, पोरं खिदळली, सर मात्र पायानं ताल धरून उभे राहिले. आता पेणला मीच पोरांना बिगुल शिकवतो. एखादा नुसतं सोंग करतो, कळतं मला. पण त्याला रांगेतून काढत नाही.