तीन स्टुलं

फुटाळा तलावाच्या चौपाटीवर भुट्टे भाजणाऱ्या एका बाईकडे तीन स्टुलं आहेत. बुरख्यातली आई, कॉलेजातलं जोडपं, ड्यूटीवरचा हवालदार, जो येईल तो बसतो. बाई सगळ्यांना एकच विचारते, "तिखट जास्त का कमी?"

एका रविवारी माझ्या शेजारच्या स्टुलावर एक तृतीयपंथी येऊन बसली. मी उठून उभा राहिलो.

"काहून उठले जी भाऊ?" पुठ्ठ्यानं निखाऱ्यांना वारा घालत बाईनं विचारलं.

"बसून बसून पाय अवघडले."

पुढच्या रविवारी तिन्ही स्टुलं रिकामी होती. मी बसायला गेलो, तर भुट्ट्यावर लिंबू चोळत बाई म्हणाली, "राहू द्या जी. तुमचे पाय अवघडते."

याला वर्ष झालं. भुट्टा पहिल्यासारखाच चांगला असतो. मी तो उभ्यानं खातो.