पत्रं वाचणाऱ्याचा घसा

पेणच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, घशात छोटा आरसा घातला आणि म्हणाले, "ई म्हणा." माझी 'ई' बोकडासारखी निघाली. मला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत.

"स्वरतंतूवर गाठ आहे. बायोप्सी करावी लागेल, म्हणजे तुकडा काढून तपासायचा. कॅन्सर असू शकतो. तोवर बोलणं बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"त्यापेक्षा जेवण बंद करा, ते जमेल त्यांना," माझी बायको सुमन म्हणाली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

आवाज कित्येक दिवस बसलेला होता. मी दोष देत होतो धाटावच्या कारखान्यातल्या शिफ्टच्या जागरणाला. विडीचं नाव काढत नव्हतो.

आमचा मुलगा विनायक तेव्हा सोमालियात होता. तिथे यादवी पेटली होती आणि आपले जवान शांतिसेनेत गेले होते. छावणीतून त्याचं पत्र आलं की वरसे गावातली आमची आळी पडवीत जमायची. मी पत्र वाचायचो कसला, नाटकच करायचो. 'गोळीबार झाला' एवढे दोनच शब्द असले तरी तोंडाने मशीनगन चालवायचो, खांबाआड लपायचो. लोक पोट धरून हसायचे.

मुंबईला तुकडा काढून आलो. रिपोर्टची वाट बघत असतानाच पत्र आलं.

"काय तात्या, आज तोफा नाय उडवत?" शेजारचा पांडू म्हणाला. मी घशाकडे बोट केलं. पत्र सुमनने वाचलं.

"'तीर्थरूप बाबा आणि आईस नमस्कार. इथे ठीक आहे. काल पाण्याच्या टँकरबरोबर गेलो होतो. गोळीबार झाला. शेजारच्या खाटेवरचा बलबीर परत आला नाही. त्याचं ताट मी धुऊन ठेवलं. काळजी करू नये.'"

पांडू "चला, शिफ्ट हाय" म्हणत उठला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

मी पाटीवर लिहिलं, 'आधीची पत्रंही अशीच होती?'

"अशीच. तुम्ही कामावर गेलात की मी परत वाचायचे," सुमन म्हणाली. "तुमच्या बंदुकांशिवाय."

रिपोर्ट आला. कॅन्सरच. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "गाठ लहान आहे. रेडिएशन देऊ, म्हणजे किरणांचा शेक. जीव वाचेल असं वाटतं. आवाजाचं सांगत नाही."

शेकाच्या रांगेत माझ्यापुढच्या गृहस्थांच्या गळ्याला भोक होतं. त्यावर बोट दाबून ते बोलायचे. मला म्हणाले, "घाबरलात?" मी नाही म्हणून मान हलवली, आणि बाकावर बसून विनायकला पत्र लिहिलं. तोवर त्याला आम्ही 'सर्व क्षेम' कळवत होतो. आता लिहिलं, 'घशाचा कॅन्सर आहे. मला फार भीती वाटते.'

सुमनने वाचलं. "पोरगा तिथे रणात, नि हे टाकायचं?" मी हट्टाने मान डोलावली. टपालपेटीशी ती बराच वेळ उभी राहिली. मग टाकलं.

उत्तर आलं तेव्हा घसा आतून सोलून निघाला होता. पेजेचा घोटही काचा गिळल्यासारखा उतरत होता.

'बाबा, पत्र वाचून रडलो. मग बरं वाटलं. मलाही भीती वाटते. टँकरवर चढताना पाय लटपटतात. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही शेकाला जा. मी पाण्याला जातो.'

हे पत्र पडवीत वाचलं नाही.

आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर माझ्यासारखी कारणं शोधू नका, घसा दाखवा. मुंबईच्या डॉक्टरांच्या कृपेने माझा आवाज अर्धा का होईना परत आला. कानस घासल्यासारखा येतो. विनायक अख्खा परत आला, म्हणजे मी फायद्यातच राहिलो.

पण रस्त्यात पाण्याचा टँकर दिसला की तो गप्प होतो. पूर्वी मी लगेच एखादी गंमत केली असती. आता नुसता शेजारी उभा राहतो. कधी बोलतो तो. बरेचदा नाही.