वस्तादांचा जरा चुकलेला फोटो

मंडळी, आज सकाळी शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीचे वस्ताद गेले. दुपारी त्यांचा मुलगा संभा हार घालायच्या फ्रेमसाठी फोटो मागायला आला.

माझ्याकडे एकच होता, जुन्या स्वस्त लेन्सवर काढलेला. तिचे रंग मऊ येतात, पण फोकस हाताने फिरवून करावा लागतो. तेव्हाही मला वेळ लागला. ताठ उभे असलेले वस्ताद खेकसले, "काढालायस, का माझ्या मरायची वाट बघालायस?" आणि स्वतःच हसले. मी घाईत बटण दाबलं. फोकस डोळ्यांऐवजी फेट्यावर बसला.

संभा म्हणाला, "डोळं पुसट आल्यात. पर आबा हसल्यालं दुसऱ्या कुठल्याच फोटोत न्हाईत. ह्योच द्या."

फोटो फ्रेमवाल्याला पाठवला. रडू अजून आलेलं नाही.

तुमच्या भिंतीवर आहे का असा चुकलेला फोटो?