पेटीतली मॅकरोनी

दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की मास्तरणींची तोंडंही उघडतात, आणि असे किस्से साठत जातात. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत तर गृहविज्ञानाच्या खरातबाई होत्या. मग काय विचारता!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाई धावड्याच्या, नोकरी टेंपररी. कायम व्हायचं तर तपासणीला येणाऱ्या इन्स्पेक्टरबाईंना नवा पदार्थ करून दाखवायचा होता. त्यात या इन्स्पेक्टरबाईंना डॉक्टरांनी तूप-लोणी बंद केलेलं!

"मॅकरोनी-चीज करते," खरातबाई म्हणाल्या, "पण हलकं!"

"हलकं करा, जड करा," हेडबाई म्हणाल्या, "पण नोकरी वाचवा!"

*

मॅकरोनी औरंगाबादहून मागवली. आमचे शिपाई रहीमभाई एक नळी डोळ्याला लावून बघत बसले.

"बाई, इसके अंदर तो कुछ बी न्हाई!"

"हलकं पायजे ना, मंग?"

*

चीजचा डबा उघडला. मराठीच्या जोशीबाईंनी वास घेतला आणि पदर नाकाला लावला.

"नासलंय हो हे!"

"चीज असंच असतंय."

"मग नासल्यावर कसं होतं?"

खरातबाईंनी चीज नावापुरतं घेतलं. बाकी साय काढलेलं दूध, थोडा चक्का आणि उकडून घोटलेला लाल भोपळा. रंग असा आला की जोशीबाईसुद्धा वाकून बघायला लागल्या.

*

रॉकेल मिळायची मारामार. म्हणून बाईंनी आधी सरावाला एका लाकडी पेटीत भुसा भरला. पातेल्याला एक उकळी आणायची, ते भुशात रोवायचं आणि वर गोधडी घालायची. आतल्या आत सावकाश शिजतं.

"जाळ कुठंय?" हेडबाईंनी विचारलं.

"जाळ न्हाई, ऊब हाय. फक्त उघडायची न्हाई."

आम्हाला कुठला दम! एकेकीनं गुपचूप झाकण उचलून पाहिलं. मीही पाहिलं. सुट्टीत वाढली तेव्हा कच्ची राहिलेली मॅकरोनी कडाकडा वाजत होती, आणि खरातबाई सोडून सगळ्या माना खाली घालून चावत होत्या!

*

तपासणीच्या दिवशी बाईंनी सकाळीच ऑफिसात पेटी भरली, कुलूप लावलं, वर गोधडी पसरली.

इन्स्पेक्टरबाई जीपमधून दुखरी कंबर धरूनच उतरल्या. ऑफिसातल्या लाकडी खुर्च्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि सरळ गोधडीवर जाऊन बसल्या.

आता पाहुण्या बाईला उठा कोण म्हणणार? आम्ही एकमेकींकडे बघून राह्यलो.

"मॅडम, इधर बैठो, ये खुर्ची बराबर हाय," रहीमभाईंनी हिंमत केली.

"राहू दे."

त्यांनी तिथूनच वह्या पाहिल्या, तिथूनच मुलींना पाढे विचारले. खरातबाईंचा चेहरा उतरत चालला. नोकरी डोळ्यांदेखत चालली होती बिचारीची.

"हं, आता तुमचा पदार्थ दाखवा."

शेवटी खरातबाईच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही उठल्याबिगर न्हाई दाखवता यायचा. तुमच्याच खाली शिजून राह्यलाय."

इन्स्पेक्टरबाईंनी गोधडीवर हात फिरवला. मग पेनाचं टोपण काढलं.

"तरीच म्हटलं, कमरेला एवढी छान ऊब कुठून येतेय! पदार्थ तुम्ही खा नंतर. तुम्हाला कायम करायची शिफारस मी इथं बसूनच लिहिते. मला उठवू नका!"