पट्टीशिवाय नेलेली फाईल

माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात डबे बाराखडीने लावलेले असायचे. चहाचा डबा फळीच्या एका टोकाला आणि साखरेचा दुसऱ्या. आई म्हणायची, "ताई, तुझ्याकडे एक कप चहा करायचा तर अख्ख्या घराला प्रदक्षिणा घालावी लागते." मावशी म्हणायची, "पण डबा सापडतो की नाही?" सापडायचा, हे खरं. आमच्याकडे मीठ शोधताना भांडणं व्हायची.

मावशी बांधकाम परवानगीच्या कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळायची. तळघरातली खोली, छतापर्यंत लोखंडी रॅक, आणि जुन्या कागदांचा तो वास, जो तिच्या साड्यांनाही लागलेला असे. ऑफिसात तिला 'बाराखडी' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि तिला ते आवडायचंही.

तिचे नियम आम्हा भावंडांनाही पाठ होते. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. ज्याच्या कागदावर नुसतंच आडनाव असेल त्याची फाईल पूर्ण नाववाल्याच्या आधी. "ज्याच्याकडे काही नाही तो पहिला," ती सांगायची, "जगात कुठे नसेल, माझ्या खोलीत आहे." पदव्या मोजायच्या नाहीत. डॉक्टर असो, वकील असो, पदवी चपलांसारखी दाराबाहेर काढून आत यायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम पट्टीचा. फाईल काढली की तिच्या रिकाम्या जागी पुठ्ठ्याची पिवळी पट्टी उभी करायची. कोणी नेली, कधी नेली, कशाला नेली, सगळं पट्टीवर. "पट्टी नाही तर फाईल हललीच नाही," हे तिचं वाक्य. साहेबांनाही तिने कधी पट्टीशिवाय फाईल दिली नाही.

फक्त एका माणसाला दिली. तिच्या टेबलशेजारणीला.

ही बाई मावशीनंतर तिथे लागली. आली तेव्हा तिला काहीच येत नव्हतं. मावशीने तिला हाताला धरून शिकवलं, तिच्या चुका स्वतःच्या म्हणून साहेबांपुढे ऐकून घेतल्या. पुढे दोघी एका डब्यात जेवायला लागल्या. तिच्या मुलीच्या बाळंतपणात मावशी रजा काढून दवाखान्यात बसली होती. माझ्या मुंजीच्या वयाच्या भावाचं हाड मोडलं तेव्हा मात्र मावशीला दोन तासांची सवलत मागणं जड गेलं होतं. मी हे विसरलेली नाही. तर ही शेजारीण फाईल काढायची आणि म्हणायची, "अगं, वर दाखवून लगेच आणते, पट्टी कशाला?" आणि मावशी हो म्हणायची. सगळ्या जगाला नियम, मैत्रिणीला माया.

खोलीचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्या खुर्चीवर या दोघींपैकी एक बसणार हे ठरलेलं होतं, आणि ती मावशीच असणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती. त्या खुर्चीसाठी ती जन्मभर त्या तळघरात धूळ खात होती, असं म्हटलं तरी चालेल. तेवढ्यात साहेबांनी एका डॉक्टरांची फाईल मागवली. दवाखान्यावर मजला चढवायची परवानगी होती. फाईल जागेवर नव्हती. पट्टीही नव्हती.

मावशीला आठवत होतं. तीच फाईल शेजारणीने आदल्या आठवड्यात तिच्या डोळ्यांदेखत नेली होती. विचारलं तर ती म्हणाली, "परत ठेवली की मी. बघू या, कुठे सरकली असेल." मग दोघींनी शोधाशोध केली, नेहमीच्या पद्धतीने. 'अ' पासून 'ण' पर्यंतचे रॅक शेजारणीचे, 'त' पासून पुढचे मावशीचे. एकीने बघितलेल्या रॅकला दुसरीने हात लावायचा नाही, हाही नियमच; नाहीतर शोध संपत नाही. डॉक्टरांचं आडनाव 'म' वरून, म्हणजे मावशीच्या वाट्यात. तिने मागचे-पुढचे खण उपसले, 'भ' बघितला, एकात एक अडकलेल्या फायली सोडवल्या. शेजारीण पलीकडून हात झटकत आली. "माझ्याकडे नाही गं."

मग साहेबांच्या केबिनमध्ये शेजारणीने शांतपणे सांगितलं, "मी ती फाईल नेलीच नाही. नेली असती तर पट्टी असती. पट्टी नाही तर फाईल हललीच नाही, हे तर यांचंच म्हणणं आहे."

गुरूची विद्या गुरूला. साहेबांनी मावशीकडे बघितलं. पट्टीशिवाय फाईल दिली, हे कबूल करायचं तरी तिचीच चूक. खुर्ची शेजारणीला मिळाली आणि मावशीची बदली वर आवक-जावकच्या खिडकीवर झाली. आलेल्या टपालावर शिक्के मारायचे, दुसरं काही नाही.

आमच्या घरात त्या बाईचं नाव निघालं की आई भांडी आपटायची. "केसाने गळा कापला तिने तुझा." पण मावशी ऐकून घ्यायची नाही. "विसरली असेल. वर कुठेतरी ठेवून आली आणि मग घाबरली. एकदा नाही म्हटलं की फिरवता येत नाही माणसाला. घरी तिला काय कमी ताप आहेत?" वर्षानुवर्षं ती हेच म्हणत राहिली. जेवणाची सुट्टी झाली की खाली जायची आणि तिच्याच डब्यात जेवायची. मला त्याचा संताप यायचा. मी एकदा म्हटलं, "तुला काही वाटत नाही का गं?" ती म्हणाली, "खुर्ची गेली ती गेली. मैत्रीण तरी राहू दे."

मग कचेरी नव्या इमारतीत हलवायची ठरली. सगळ्यांना खाली बोलावून एकेक रॅक रिकामा करायला लावला. 'ड' चा रॅक ज्याच्याकडे होता तो कारकून आजारी पडला आणि तो मावशीच्या वाट्याला आला.

फाईल तिथे होती. 'डॉक्टर' म्हणून लावलेली, त्या अक्षरांच्या अगदी अचूक जागी, मागे-पुढे नाही. ज्या पदवीला त्या खोलीत जागाच नव्हती, तिच्याखाली. ज्या रॅकला शोधताना मावशीने हात लावायचा नव्हता, त्या रॅकमध्ये.

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि चप्पलही न काढता खुर्चीवर बसली. "विसरून ठेवलेली फाईल कुठेही सापडते," ती म्हणाली. "ही मी कुठे बघणार नाही याचा विचार करून ठेवलेली होती. आणि मी कशी शोधते हे जगात एकाच माणसाला माहीत आहे." मग ती रडली. खुर्ची गेली तेव्हा रडली नव्हती.

आई म्हणाली, "ती फाईल नेऊन साहेबांच्या टेबलावर आपट." पण मावशीने आपलं काम आधीच केलं होतं. फाईल 'म' मध्ये तिच्या जागेवर लावली होती आणि 'ड' च्या खणात, फाईल काढली तिथे, पिवळी पट्टी उभी केली होती. नेणारीचं नाव स्वतःचं. तारीख त्या दिवसाची. कारण: योग्य जागी ठेवण्यासाठी.

नव्या इमारतीत रॅक लागल्यावर काही दिवसांनी शेजारीण वर खिडकीशी आली. तिच्या हातात ती पट्टी होती.

"फाडून का नाही टाकलीस?" मावशीनेच विचारलं.

"हात धजला नाही," ती म्हणाली. "पट्टी फाडायची नसते, तूच शिकवलंस." आणि मग हळूच, "जेवायला येतेस ना खाली?"

मावशीने तिच्या हातातून पट्टी घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. शेजारणीच्या मागे टपाल घेऊन माणसं उभी होती.

"तुम्ही जरा बाजूला व्हा," मावशी तिला म्हणाली, "मागे रांग आहे."