गड्डा न धरणारा कोबी

कळंबला आमच्या शेजारच्या काकूंच्या परसात कुरळ्या पानांचा, गड्डा न धरणारा कोबी होता. गावात दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता. माठाच्या भाजीसारखंच यातलंही सगळ्यात जोमदार झाड काकू बियांसाठी राखत. पानाला हात लावला की ओरडत, “बियाचं हाय रं ते!”

बाकीची झाडं खाऊन संपली, राखलेलं काही फुलेना. शेतकऱ्यांच्या बियाण्यांवरच्या हक्काची पत्रकं वाटणारा मी ऐटीत म्हणालो, “कडाक्याच्या थंडीशिवाय याला फूल येत नाही, काकू, आणि ती इथं पडत नाही. जात संपली.”

“तुजा कागद लई बोलतो,” म्हणत त्यांनी खोडाचे फुटवे मोडून ओल्या मातीत खोचले. एक माझ्या हाती दिला.

काही वर्षांनी काकू वारल्या. त्या फुटव्याची आता माझ्या अंगणात रांग झाली आहे. फूल येणार नाही हे ठाऊक आहे. तरी त्यातल्या सगळ्यात जोमदार झाडाला मी कुणाला हात लावू देत नाही.